‘नेहमीची तपासणी’ आणि रुग्णाची संमती

प्रयोगशाळांकडून आपल्या चिकित्सालयात छापील चिठ्ठ्यांचे गठ्ठे येतात. त्यांवर तपासण्यांची नावे व शेजारी चौकोन असतात. वैद्याने खुणा कराव्यात आणि रुग्णाने चिठ्ठी घेऊन जावे, एवढाच व्यवहार. हिमोग्लोबिन, रक्तशर्करा यांच्याच रांगेत एचआयव्ही आणि कावीळ ‘ब’ यांचेही चौकोन असतात. हात सवयीने चालतो आणि चार खुणांबरोबर पाचवी खूण होऊन जाते. रुग्णाने विचारलेच, तर आपण म्हणतो, “काही नाही, नेहमीची तपासणी आहे.” प्रस्तुत लेखात या ‘नेहमीच्या’ शब्दाचा विचार करावयाचा आहे. तपासणी वैद्याच्या दृष्टीने नेहमीची असेल. रुग्णाच्या आयुष्यात मात्र ती कधी कधी एकदाच येते आणि त्याचे घर, नोकरी, विवाह यांची दिशा बदलून जाते.

एक अनुभव

नागापूर हे औद्योगिक वसाहतीला लागून असलेले गाव. पारनेर, पाथर्डी, शेवगाव या तालुक्यांतून आणि परराज्यांतून आलेले कामगार येथे एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात. माझ्या व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत असाच एक तरुण कामगार विचर्चिकेसाठी माझ्याकडे आला. पायावरील जुनाट व्याधी, तीव्र कंडू, श्यामवर्ण, स्राव. जलौकावचारण करण्याचे ठरले. ‘आपली सुरक्षितता’ म्हणून मी चिठ्ठीवर एचआयव्हीची खूण केली. त्याला त्याविषयी एक शब्दही सांगितला नाही. त्याने विचारलेही नाही. वैद्याने लिहिले म्हणजे ते आवश्यकच असणार, असा त्याचा विश्वास होता.

त्याला पाळी चुकवून प्रयोगशाळेत पुन्हा जाता येईना, म्हणून त्याच्या ठेकेदाराच्या मुकादमाने येता येता अहवाल आणला. पाकीट उघडे होते. आठवड्याच्या आत त्या तरुणाचे काम सुटले आणि खोलीही सुटली. तो माझ्याकडे पुन्हा आला नाही. तो अहवाल एकाच झटपट चाचणीचा होता. त्याची खातरजमा कधी झाली नाही. तो तरुण खरोखर बाधित होता की नव्हता, हे मला आजही ठाऊक नाही. विचर्चिका मात्र तशीच राहिली.

या घटनेत प्रयोगशाळेचा दोष होता, मुकादमाचा होता, असे म्हणून मी बरीच वर्षे स्वतःची समजूत घातली. परंतु पहिली खूण माझ्या लेखणीने झाली होती. न विचारता रक्त तपासले गेले नसते, तर उघड्या पाकिटात घालण्यासारखे काही नसतेच.

शास्त्र काय सांगते

संमती ही कल्पना पाश्चात्त्य आहे, आपल्या परंपरेत वैद्याचा शब्द अंतिम असे, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते पूर्णतः खरे नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील उदररोगाच्या तेराव्या अध्यायात, इतर उपाय थकल्यावर विषप्रयोगासारखी धोक्याची चिकित्सा करण्याचा प्रसंग सांगितला आहे. तेथे वैद्याने रुग्णाचे नातलग, सुहृद, पत्नी, गुरुजन, राजा यांना एकत्र करून, काही न केल्यास मृत्यू निश्चित आहे आणि केल्यास यशाविषयी संशय आहे, हे स्पष्ट सांगावे व अनुज्ञा मिळाल्यावरच कर्म करावे, असा आदेश आहे. सुश्रुताचार्यांनीही मूढगर्भाच्या शस्त्रकर्मापूर्वी अधिपतीला विचारण्यास सांगितले आहे. धोका सांगणे, पर्याय सांगणे, अनुज्ञा घेणे ही संमतीची तिन्ही अंगे येथे आहेत.

गोपनीयतेविषयीही तसेच. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्याला दिलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, असे बजावले आहे. रुग्णाच्या घरी प्रवेशसुद्धा अनुमतीनेच करावयाचा आहे. घरात पाऊल टाकण्यास जर अनुमती लागते, तर शरीरातून रक्त काढून त्यातील गुपित वाचण्यास ती लागू नये, हे कसे?

एक भेद मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. प्राचीन ग्रंथांत अनुज्ञा प्रामुख्याने आप्तांची आणि अधिपतीची घेतलेली आहे. आज ती प्रथम स्वतः रुग्णाची घ्यावी लागते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये हे स्पष्ट केले. रुग्ण स्त्री निदानासाठीच्या दुर्बीण तपासणीकरिता भूल दिलेल्या अवस्थेत असताना, तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले होते. निदानासाठी दिलेली संमती ही चिकित्सेची संमती नव्हे, आणि प्राणावर बेतलेला प्रसंग नसताना सज्ञान रुग्णाच्या ऐवजी आईची संमती चालणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. तोच न्याय तपासणीलाही लावून पाहावा. हिमोग्लोबिनसाठी पुढे केलेला हात म्हणजे एचआयव्ही तपासणीला दिलेली संमती नव्हे. तसेच, पतीने ‘करा’ म्हटले म्हणून पत्नीची संमती झाली, असे होत नाही.

गोव्यातील एक उदाहरण

न विचारता केलेली तपासणी कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. गोव्यातील पर्रा गावचे डॉमिनिक डिसोझा हे रक्तदान करीत असत. त्यांनी दिलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी झाली. त्यांना त्याची कल्पना नव्हती. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस त्यांना घेऊन गेले आणि गोवा, दमण व दीव सार्वजनिक आरोग्य कायद्यातील विलगीकरणाच्या तरतुदीखाली म्हापसे येथे क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत त्यांना ६४ दिवस ठेवण्यात आले. आपल्याला कोणता आजार आहे, हे त्यांना कोणी समोर बसवून सांगितले नाही.

त्यांच्या मातोश्री लुसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने त्या वेळी सार्वजनिक हिताला प्राधान्य देऊन विलगीकरणाची तरतूद वैध ठरविली. डॉमिनिक यांनी पुढे बाधित व्यक्तींसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारण्यात पुढाकार घेतला. मे १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनावरून प्रेरित ‘माय ब्रदर… निखिल’ हा हिंदी चित्रपट २००५ मध्ये आला.

या प्रकरणात कोणी दुष्ट हेतूने वागले, असे म्हणण्याची गरज नाही. रक्तपेढीतील रक्त तपासलेच पाहिजे. आजच्या कायद्यातही तशी सवलत आहे. चूक पुढच्या पायरीवर झाली. अहवाल ज्याचा होता, त्याच्याकडे तो सर्वांत शेवटी पोहोचला. माझ्या विचर्चिकेच्या रुग्णाचेही तेच झाले होते, फक्त पोलिसांच्या जागी मुकादम होता.

कारखान्याचा दाखला

आपल्यापैकी अनेकांकडे ठेकेदार कामगारांना ‘फिटनेस’च्या दाखल्यासाठी पाठवितात आणि बरोबर ‘सगळ्या तपासण्या करून घ्या’ असा निरोपही देतात. येथे १९९७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा एक निर्णय ध्यानात ठेवावा. सार्वजनिक क्षेत्रातील एका आस्थापनेत रोजंदारीवर काम करणारा मजूर एचआयव्हीबाधित आढळला, म्हणून कामगारांच्या यादीतून त्याचे नाव काढण्यात आले होते. इतर दृष्टींनी तो कामास सक्षम होता. कामास सक्षम आणि इतरांना धोका नसलेल्या व्यक्तीला केवळ बाधित असल्याच्या कारणावरून काम नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याची ओळख उघड होऊ नये म्हणून हा खटला ‘एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.’ या अक्षरांनीच नोंदविला गेला. न्यायालय निकालपत्रातही नाव झाकते. आपण ते अहवालाच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहितो!

आजचा कायदा

‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७’ हा १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. वैद्यवर्गाने त्यातील पुढील गोष्टी जाणून घेणे आवश्यक आहे.

१. माहितीपूर्वक संमतीवाचून एचआयव्ही तपासणी करता येत नाही. तपासणीपूर्व व तपासणीनंतरचे समुपदेशन हा या संमतीचाच भाग आहे.

२. न्यायालयाचा आदेश, परवानाधारक रक्तपेढीतील रक्ताची छाननी, रक्त वा अवयव यांचा वैद्यकीय उपयोग, आणि नाव न कळणारे साथसर्वेक्षण, एवढेच अपवाद आहेत. ‘वैद्याची सुरक्षितता’ हा अपवाद त्यात नाही.

३. नोकरी, आरोग्यसेवा किंवा शिक्षण देण्याची पूर्वअट म्हणून ही तपासणी मागता येत नाही.

४. रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही. जोडीदाराला सांगण्याची मुभा आहे. पण त्याला खरोखर धोका असेल, रुग्णाला समजावूनही तो सांगणार नाही अशी खात्री झाली असेल आणि आपण सांगणार आहोत हे रुग्णाला आधी कळविले असेल, तरच. बाधित स्त्रीला घरातून काढले जाण्याची किंवा मारहाणीची भीती असेल, तर तिच्यासाठी अधिक संरक्षण आहे.

या कायद्यातील आरोग्यसेवकाची व्याख्या इतकी व्यापक आहे की, दुसऱ्याच्या आरोग्याशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंध असलेला व्यवसाय करणारा प्रत्येकजण तीत येतो. ‘आम्ही आयुर्वेदाचे, हा कायदा ॲलोपॅथीचा’ असे म्हणण्यास जागा नाही.

एका अहवालाचे मोल

संमतीच्या आग्रहामागे केवळ कायदा नाही, गणितही आहे. समजा, १००० व्यक्तींची सरसकट तपासणी केली आणि त्यांत २ जण खरोखर बाधित आहेत. चाचणी चांगली आहे. १०० निरोगी व्यक्तींपैकी ९९ जणांना ती बरोबर निरोगी ठरविते. तरी उरलेल्या ९९८ निरोगी व्यक्तींपैकी सुमारे १० जणांचा अहवाल चुकून ‘बाधित’ असा येईल. म्हणजे बाधित म्हणून हाती आलेल्या सुमारे १२ अहवालांपैकी १० निरोगी माणसांचे असतील. म्हणूनच शासकीय समुपदेशन व तपासणी केंद्रांत, लक्षणे नसलेल्या व्यक्तीला बाधित ठरविण्यापूर्वी तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळल्या पाहिजेत, असा दंडक आहे. एका पट्टीवरील दोन रेघा म्हणजे निदान नव्हे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. संसर्ग झाल्यानंतर प्रतिपिंडे दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात. त्या काळात बाधित व्यक्तीचा अहवाल निर्दोष येतो.

रक्तमोक्षण व पंचकर्म

आपल्या शास्त्रात सिरावेध, जलौका, प्रच्छान ही कर्मे नित्याची असल्याने, ‘आधी तपासणी, मग कर्म’ ही पद्धत अनेक चिकित्सालयांत रूढ झाली आहे. परंतु वर सांगितलेल्या कालावधीचा विचार करता निर्दोष अहवाल हेच मोठे संकट आहे, कारण त्यावर विसंबून वैद्य हातमोजे बाजूला ठेवतो. खरे संरक्षण एकच: प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे समजून वागणे. प्रत्येक कर्मात हातमोजे; सुई व पाते एकदाच वापरून न टोचणाऱ्या बंद डब्यात; रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत; एका रुग्णाला लावलेली जलौका दुसऱ्याला कदापि नाही; वैद्य व परिचारक यांना कावीळ ‘ब’ची लस ०, १ व ६ महिन्यांनी. सुई टोचलीच, तर जखम साबण-पाण्याने धुऊन तत्काळ शासकीय रुग्णालय गाठावे. प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते व २८ दिवस घ्यावे लागते.

एवढे केले, तर रुग्णाला न विचारता तपासण्याचे कारण उरत नाही. आणि रुग्णाच्या हितासाठी तपासणी खरोखर आवश्यक वाटली, दीर्घकाळचा अतिसार, वजन घटणे, वारंवार नागीण, गुप्तरोग, तर ती जरूर सुचवावी. मौन बाळगणे हीसुद्धा उपेक्षाच आहे. वेळीच कळले, तर शासकीय एआरटी केंद्रात औषध विनामूल्य मिळते आणि २०१७ पासून निदान होताच ते सुरू करण्याचे धोरण आहे. तपासणी टाळावी असे या लेखाचे म्हणणे नाही. ती विचारून करावी, एवढेच आहे.

क्षयरोगाचा नियम वेगळा

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. क्षयरोगाची सूचना शासनाला देणे मे २०१२ पासून बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ही जबाबदारी प्रयोगशाळा, चिकित्सक आणि क्षयरोगाची औषधे विकणारे औषधविक्रेते अशा सर्वांवर स्पष्टपणे टाकली. या सूचनेसाठी रुग्णाची अनुज्ञा लागत नाही. परंतु सूचना आरोग्ययंत्रणेला द्यावयाची आहे, शेजाऱ्यांना किंवा मालकाला नव्हे. आणि अनुज्ञा लागत नसली, तरी कळविणे राहतेच: “तुमचे नाव सरकारी यादीत जाईल, त्यामुळे औषध मोफत मिळेल आणि आहारासाठी खात्यात पैसेही येतील,” हे रुग्णाला आधी सांगावे. हे अनुदान २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले आहे. अंधारात ठेवलेला रुग्ण पत्ता चुकीचा देतो आणि औषध अर्धवट सोडतो. सांगितलेला रुग्ण सहसा टिकतो.

औषधविक्रेत्यांसाठी

अनेक औषधी दुकाने आज प्रयोगशाळांची नमुना-संकलन केंद्रेही झाली आहेत. अहवाल गल्ल्याशेजारी पडलेले असतात, किंवा दुकानाच्या मोबाइलवर येतात आणि तेथून कोणालाही पुढे पाठविले जातात. पाकीट बंद असावे, ते रुग्णाच्याच हाती किंवा त्याने नाव सांगितलेल्या व्यक्तीच्याच हाती द्यावे, आणि मोबाइलवरील अहवाल फक्त रुग्णाच्या क्रमांकावर पाठवावा. २०१४ पासून लागू असलेल्या अनुसूची ‘एच-१’ची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे; परंतु ती गिऱ्हाइकांना वाचता येईल अशी उघडी ठेवणे बंधनकारक नाही. गर्दीत मोठ्याने औषधाचे नाव व कारण विचारण्याची सवयही सोडावी.

कसे विचारावे

संमती म्हणजे केवळ कागदावरील सही नव्हे. न वाचलेल्या कागदावर उमटविलेल्या अंगठ्याला काही अर्थ नाही. संभाषण साधे असावे. उदाहरणार्थ:

“दादा, तुमच्या तक्रारीचं मूळ शोधायला रक्ताची आणखी एक तपासणी करावी असं मला वाटतं. ती एचआयव्हीची आहे. करायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं. नाही म्हणालात तरी तुमचा उपचार मी थांबवणार नाही. रिपोर्ट मी फक्त तुम्हालाच सांगेन. काही निघालंच, तर पुन्हा पक्की तपासणी करावी लागते, आणि आता त्यावर चांगली औषधं आहेत. तुम्हाला विचार करायला दोन दिवस हवेत का?”

यास तीन मिनिटे लागतात. याच्या आधी मुकादम, भाऊ, पती, सासू यांना आदराने बाहेर बसण्यास सांगावे. रुग्णाने होकार दिल्यास शक्यतो शासकीय तपासणी केंद्रात पाठवावे. तेथे समुपदेशक असतो व तपासणी विनामूल्य होते. राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १०९७ आहे. आपल्या औद्योगिक वसाहतीत ‘स्नेहालय’ ही १९८९ पासून काम करणारी संस्था बाधित स्त्रिया व बालकांना आधार देते, हेही रुग्णाला सांगता येते. रुग्णाने नकार दिल्यास केसपेपरवर तशी नोंद करावी आणि चिकित्सा चालू ठेवावी. नकार देणारा रुग्ण पुष्कळदा महिन्याभराने स्वतः होऊन विचारतो. कारण दार उघडे आहे, हे त्याला ठाऊक असते.

उपसंहार

दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही आपली त्रिविध परीक्षा. प्रयोगशाळा आल्यापासून दर्शन-स्पर्शन कमी झाले, अशी खंत आपण सभा-संमेलनांत व्यक्त करतो. माझ्या मते सर्वांत अधिक हानी प्रश्नाची झाली आहे. रुग्णाला विचारणे हे परीक्षेचे अंग तर आहेच. तपासणीपूर्वी विचारणे हे त्याच अंगाचा विस्तार आहे.

त्या तरुणाची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावर चौकोनांची छापील चिठ्ठी नाही. तपासणीचे नाव मी हाताने लिहितो. लिहिण्यास थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात समोरच्याला विचारून होते. वैद्यबंधु-भगिनींनी व औषधविक्रेत्यांनी आपापल्या चिकित्सालयातील व दुकानातील चिठ्ठ्या, पाकिटे आणि नोंदवह्या या दृष्टीने एकवार तपासून पाहाव्यात, ही विनंती.

इत्यलम्।